घाटावरचा कोरडा दोर

माझा धाकटा भाऊ श्रावणात गंगेच्या राजा घाटावर बुडाला. पोहता येत होतं त्याला. पण शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला आणि पाण्याच्या ओढीने त्याला आत नेलं. मल्लाह, म्हणजे घाटावरचे नावाडी, धावले, पण फेकायला हाताशी काही नव्हतं.

वर्षश्राद्धाला बाबांनी ओळखीची मराठी घरं बोलावली आणि भावाच्या नावाने निधी उभा केला. रेल्वेतले, बँकेतले, विद्यापीठातले, सगळ्यांनी हातभार लावला. घाटावर लांब दोर आले, हवा भरलेल्या ट्यूबा आल्या, पावसाळाभर पाण्यावर नजर ठेवायला एक म्हातारा मल्लाह नेमला.

बाबा रोज पहाटे तिथे जाऊन बसू लागले. परतल्यावर मी विचारायची, "पाणी कसंय?"

"चढतंय. दोर अजून कोरडाच आहे."

आधी मला त्यात वावगं वाटलं नाही. मग रोज तेच उत्तर यायला लागलं, आणि त्यात समाधान नव्हतं, खंत होती. एकदा जेवताना ते म्हणाले, "निदान एक तरी वाचायला हवा." माझा घास हातातच राहिला. एक वाचायचा तर आधी एकाने बुडायला हवं.

भाद्रपदात मी डबा घेऊन घाटावर गेले. गंगा मातकट, फुगलेली. बाबा वरच्या पायरीवर होते. हाक मारणार तोच ओरडा झाला. यात्रेला आलेली एक बाई खालच्या पायरीवरून घसरली होती. लुगड्याचा फुगा पाण्यावर दिसला, फिरला, दिसेनासा झाला. मल्लाहाने ट्यूब फेकली. दुसऱ्यांदा फेकली तेव्हा बाईच्या हाताला लागली. चौघांनी मिळून दोर ओढला. तिच्या तोंडातून पाणी निघालं, मग रडणं.

लोक बाबांच्या पाया पडायला लागले. मल्लाह म्हणाला, "बाबूजी, आपके बेटे ने बचाया." बाबांनी पाय मागे घेतले.

 घरी आल्यावर दारात चपला काढताना बाबा म्हणाले, "मी तिला उतरताना पाहिलं होतं."

"मग?"

"पायरी माहीत होती मला. तीच पायरी. हाक मारली असती तर थांबली असती."

  निधीच्या सभेत बाबांचा सत्कार ठरला, त्याला ते गेले नाहीत. फक्त निरोप धाडला, त्या पायरीच्या वर कठडा बांधा. यंदा तो बांधून झालाय.

बाबा अजून पहाटे निघतात. आता मीही सोबत जाते. ते पाण्याकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे.