गळ्यातला बिल्ला

"दिवसातून कितीदा लागती गं तुला?"

सुपरवायझरनं सगळ्या बायांम्होरं इचारलं. सिरसाळ्याकडच्या एका जिनिंगमधी आमी तीस बाया कापसातला कचरा येचायचो. दोरा, केस, प्लास्टिक. लघवीला जायचं तर एकच लाकडाचा बिल्ला, त्यो त्याच्या टेबलावर. एक बाई आली की दुसरीनं मागून घ्यायचा.

"आत्ताच गेलतीस की."

मी गेले न्हवते. माझ्या शेजारची शबाना गेलती. त्याला आमची तोंडं बी वळखू येत न्हवती. बाया हसल्या. मी बी हसले. त्या हसण्याची आज बी लई लाज वाटती.

मग आमी पाणीच सोडलं. ऐन उन्हाळ्यात. दुपारनंतर डोळ्याम्होरं अंधारी यायची, हात चालायचा न्हाई, कापसात दोरे राहायचे. गठाणीत दोरा निघाला की सुपरवायझर बोंबलायचा, "बायांचं कामात ध्यान न्हाई." शबानाला तर लघवीला आग व्हायची. ताप अंगावर काढून यायची बिचारी.

एक दिस हापिसातून साहेब आले. "ही कंपनी तुमची आहे. न घाबरता सूचना सांगा." शबानानं मला कोपरानं ढोसलं. मी उठले.

"साहेब, त्यो बिल्ला काढा. आमी काय पळून जाताव का? पाणी पिलं तर काम बी चांगलं व्हईल."

साहेबांनी लिहून घेतलं. टाळ्या वाजवल्या, माझा फोटो काढला. काय हरखले मी! येडी कुठली.

सोमवारी बघते तर बिल्ल्याला दोरी बांधलेली. आता गळ्यात घालून जायचं. कोण गेली ते लांबून दिसावं म्हणं.

"साहेबाला तूच बोललीस न्हवं?" सुपरवायझर म्हणला. "मंग घाल पैली तू."

बाया खाली मान घालून कचरा येचीत राहिल्या. शबाना बी. तिच्या एकटीच्या कामावर घर चालतंय, तिला काय बोलू? मी बिल्ला टेबलावर तसाच ठिवला आन् लघवीला गेले. परत आले तवर रजिस्टरातनं माझं नाव कापलेलं.

आता दुसऱ्या जिनिंगवाले बी घेईनात. "तीच का ती, बोलणारी?" म्हणत्यात. तिकडं शबाना दोरी गळ्यात घालूनच जाती. माझ्या बोलण्यानं काय बी बदललं न्हाई, उलट वाईट झालं. हे मला ठावं हाय.

तरी सांगते. कुठं काम भेटलं, तर संडास कुठं हाय एवढंच इचारीन. जाऊ का, म्हणून कुणाच्या बापाला इचारणार न्हाई.