तळ्यावरचा मलबारी धनेश

साध्या राखी धनेशाच्या एका अर्धवट वयाच्या पोराला मी मलबारी राखी धनेश ठरवलं आणि तशी रीतसर नोंद पाठवून दिली. मूळ चूक एवढीच. पुढचं सगळं मी तिला घातलेलं खतपाणी.

ज्यांना पक्ष्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या दोन धनेशांचं कूळ एक, प्रजातीही एकच, ओसायसेरॉस. जाती मात्र वेगळ्या. साधा तो बायरोस्ट्रिस, म्हणजे दोन चोचींचा. चोचीवर शिंगासारखा उंचवटा असतो, लांबून दुसरी चोच बसवल्यासारखा दिसतो. हा आमच्या म्हैसुरात असतो. मलबारी तो ग्रिसियस. त्याला शिंग नाही, आणि पश्चिम घाट सोडून जगात तो कुठेच नाही. कोडगूच्या जंगलात गेलात तर भेटेल, कुक्करहळ्ळी तळ्यावर यायचं त्याला काही कारण नाही. आता, साध्या धनेशाच्या पोरांना शिंग उशिरा फुटतं, हे पुस्तकात त्याच पानावर खाली बारीक अक्षरात दिलेलं असतं. बारीक अक्षर मी वाचत नाही.

म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून इथे आलो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून तळ्यावर जायला लागलो, आणि तिथे मास्टर भेटले. मास्टर म्हणजे शिंपी. चार पिढ्या म्हैसुरात, घरात मराठी, पण अशी की वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडात पोचतं. तीन वर्षं दर रविवारी आम्ही बरोबर. त्यांना शास्त्रीय वर्गीकरण समजावून सांगणं हे मी माझं कर्तव्य मानलं होतं. गण, कूळ, प्रजाती, जाती. धनेश पूर्वी खंड्याच्या गणात धरायचे, आता हुदहुदाबरोबर वेगळे काढलेत, हे तर मी बाकापुढच्या मातीत काडीने आकृती काढून शिकवलं. मास्टर ऐकून घ्यायचे आणि मधूनमधून "हौदा, सर?" म्हणायचे, म्हणजे असं होय. इतका गुणी विद्यार्थी मला कंपनीतल्या ट्रेनिंगमध्येसुद्धा मिळाला नाही.

त्या रविवारी मी चष्मा घरी विसरलो होतो. दुर्बीण एकच, ती मास्टरांच्या गळ्यात. उंबराच्या झाडात काहीतरी राखी हललं आणि यावेळी ते मला आधी दिसलं. मी म्हटलं, शिंग नाही. मास्टरांनी दुर्बीण लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बारकं आहे, सर." मलबारी आकाराने लहानच असतो, मी त्यांना सांगितलं. मग दुर्बीण मागून घेतली, पण ती माझ्या डोळ्यांना जुळेपर्यंत पक्षी पानांआड गेला होता.

आमच्या नोंदी फोनवरच्या ॲपमधून जातात. नेहमीच्या पक्ष्यांना कोणी अडवत नाही. अनपेक्षित पक्षी आला की तो जिल्ह्याच्या परीक्षकाकडे जातो. परीक्षकाचं नाव गुप्त असतं, ओळखीपाळखीने कोणी गळ घालू नये म्हणून. नेमकी तेव्हाच तळ्यावरच्या पक्ष्यांची नवी यादी छापायची चालली होती, आणि नव्या पक्ष्याखाली तो प्रथम पाहणाऱ्याचं नाव येणार होतं. ते नाव मला हवं होतं. इतकं की सोमवार उजाडायच्या आत मी बायकोला, ऑफिसच्या बसमधल्या सगळ्यांना आणि सोसायटीच्या ग्रुपवर सांगून मोकळा झालो होतो.

मंगळवारी परीक्षकाचं पत्र आलं. चोच, आकार, आवाज, सविस्तर कळवा. मी तडक मास्टरांच्या दुकानात गेलो आणि त्या अनोळखी परीक्षकाचा उद्धार केला. खुर्चीत बसून पेन्शन खाणारा कोणीतरी प्राध्यापक असणार, उंबराखाली उभं राहायचं त्याला काय माहीत, वगैरे. मास्टरांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी खुणेनेच माझ्यासाठी कॉफी मागवली. टाचण्या काढल्यावर एवढंच म्हणाले, जे बघितलं तेवढंच लिहा, सुम्ने, उगीच जास्तीचं नको.

मी त्यांच्याच स्टुलावर बसून लिहिलं. चोच लिहिली, आकार लिहिला. आवाजाच्या रकान्यात पुस्तकातून उतरवलं: खो खो हसल्यासारखा, तीनदा. मग सगळं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"हसला?" मास्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, हसला की. तुमचं लक्ष नसेल. ते काजं करायला वळले.

गुरुवारी संध्याकाळी परतताना बसमध्ये उत्तर वाचलं. नोंद अमान्य. पक्षी साध्या राखी धनेशाचं पिल्लू असावं. निरीक्षकाकडे त्या दिवशी चष्मा नव्हता. दुर्बीण दुसऱ्याच्या गळ्यात होती. पक्षी बराच वेळ झाडावर होता आणि त्या वेळात त्याने एकदाही आवाज केला नाही.

आधी वाटलं, झाडामागे कोणी लपून पाहत होतं की काय. माझी बुद्धी अशीच चालते, आधी लांबचा रस्ता धरते. बस दोन थांबे पुढे गेल्यावर लक्षात आलं की उंबराखाली आम्ही दोघंच होतो.

तीन वर्षं हा माणूस माझ्याबरोबर एका कागदातली भजी खात होता आणि घरी जाऊन माझ्याच नोंदी तपासत होता. मी परीक्षकालाच धडे देत होतो, आणि तोही वर "हौदा, सर?" म्हणत होता. मी शिव्या देत असताना शिव्यांच्या मालकाने मला कॉफी पाजली होती. कोणी इतकं शांतपणे फसवतं, आणि तेही आपल्याला इतकं मानणारा माणूस, याचा मला खरंच त्रास झाला. विनोदाने सांगतोय म्हणून तो कमी होता असं नाही.

घरी न जाता दुकानात गेलो. मास्टर ब्लाउजचं कापड कापत होते. मी विचारलं, तो परीक्षक तुम्हीच ना.

"हौदु, सर." कात्री थांबली नाही. "सात वर्षं झाली. नाव सांगायचं नाही असा नियम. म्हणून चष्म्याचं लिहिलं, तुम्हाला तरी कळू दे म्हणून."

झाडाखालीच का नाही सांगितलंत, मी विचारलं. बारकं आहे म्हणून सांगितलं होतं, ते म्हणाले, त्यावर तुम्हीच मला आकार शिकवलात.

मग मी जे बोलायचं नाही ते बोललो. म्हटलं, "मी तुम्हाला मित्र समजत होतो."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "मीपण तसंच समजत होतो की ओ. पक्षी चुकला तर काय, जातीचं नाव बदलायचं, झालं. सगळेच चुकतात. तुम्ही हसला म्हणून लिहिलं आणि मलाच वाचून दाखवलं. मी तुमच्या शेजारी उभा होतो ना."

अडचणीत आलो की मी विषय बदलतो. म्हटलं, बरं, या एका धनेशाचं सोडा. तीन वर्षांतल्या तुमच्याकडे आलेल्या माझ्या बाकीच्या सगळ्या नोंदी तर तुम्ही मान्य केल्यात, एकावरही शंका काढली नाहीत. म्हणजे माझी नजर काही अगदीच वाईट नसणार.

मास्टरांनी गळ्यातली टेप काढून कापडावर टाकली.

"ते सगळे पक्षी मी दाखवलेले नव्हे काय, सर. आपणहून शोधलेला तुमचा हा एकच."