करवतीसमोरची पांढरी बाई

"थांब गं जरा. आतल्या खोलीत कुणीतरी बर्फ चावतंय."

"आत? उणे अंशात कोण मरायला जाईल? गाल बघ तुझा, फुगलाय. तूच चावतेयस, बये!"

बरोबर कामाला असलेली जाऊ खिदळली. हिला मात्र हसू येईना. खडा तोंडात कधी टाकला, तेच आठवत नव्हतं.

बर्फाच्या कारखान्यात बारा वर्षं ती करवतीवर लाद्या कापत होती. चुऱ्याची चटक लागली गेल्या साली. जेवण नको, पण बर्फ हवा. सगळे तिला कडकडबाई म्हणत. पुढे जिना चढताना छाती धपापू लागली, नखं खोलगट झाली. आणि एका दुपारी काचेसारख्या लादीत तिला एक बाई दिसली. ओठ पांढरेफटक, डोळे विझलेले, हात पात्याकडे सरकत चाललेला. ती बघतच राहिली. मुकादमानं मागं खेचलं तेव्हा पातं बोटापासून नखभर लांब होतं.

"पुन्हा घेरी आली तर करवतीवरून काढीन," तो म्हणाला. "तुझी बोटं वेचायला माझ्याकडं माणूस नाही."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासलं, "अंगात लोह कमी झालंय, म्हणून बर्फाची चटक" म्हणत लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिने तिनं एक दिवस चुकवला नाही. तरी रिकाम्या खोलीतून चावल्याचा आवाज यायचा, आणि लादीतली बाई दिवसेंदिवस पांढरी होत चाललेली.

"हे बाहेरचं दिसतंय," जाऊ कुजबुजली.

ती पुन्हा दवाखान्यात गेली, तेव्हा नर्सबाईंनी मात्र विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस?"

"कडक चहाबरोबर. गारठ्यातून बाहेर आलं की आम्ही सगळे तसंच घेतो."

"अगं, चहा ती गोळी अंगी लागूच देत नाही! लिंबूपाण्याबरोबर घे. चहा दोन तासांनी. पालेभाजी, मसूर, कलेजी खात जा. शौचाला काळं होईल, घाबरून गोळ्या सोडू नकोस."

काळं झालं, तेव्हा घाबरलीच ती. पण सोडल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी तिनं एक खडा मुद्दाम जिभेवर ठेवला. नुसतं गार पाणी. थुंकून टाकला. आतल्या खोलीचं दार उघडून कान दिला. यंत्राची घरघर तेवढी. लादीत बघायचा मात्र धीर झाला नाही.

"कडकडबाई, गाडी उभीये!" मुकादम ओरडला.

तिनं हातमोजे चढवले, करवतीचं बटण दाबलं आणि हात पात्यापासून वीतभर लांब ठेवून लादी पुढं रेटली.