नाचणारे कण आणि काळे सर

ज्या लॅबमध्ये रिझल्ट कमी, तिथं किस्से जास्त! आमच्याकडं तर किस्से सांगता सांगता चहा गार होतो, आणि रिझल्टची फाइल उघडावी तर चार पानं.

मंचरला हायवेला लागून आमचं कॉलेज. तिथं मी आणि डिंगोरे गावची वैशाली पीएचडी करत होतो. काम एकच. डोळ्याला न दिसणारे, चमकणारे नॅनोकण जिवंत पेशीत सोडायचे आणि ते आत कसे फिरतात त्याचा मायक्रोस्कोपखाली व्हिडिओ काढायचा. काळे सर आमचे गाईड.

*

एकदा वैशालीचे चुलते कांदा घेऊन मार्केटला आले, तसे लॅबमध्ये डोकावले.

"पोरी, दिसभर काय करती गं हितं?"

"पेशीत कण सोडते तात्या, आणि कुठं जातात ते बघते."

"मग सांजच्याला वळून आणती व्हय?"

"नाही. ते आतच राहतात."

तात्या म्हणाले, "आमी शेळ्या अशा राखल्या असत्या, तर तुझ्या आज्यानं घरात घेतलं नसतं!"

*

खंडेनवमीला मायक्रोस्कोपची पूजा. सरांचा हात सढळ, त्यामुळं झेंडूबरोबर कुंकूही भरपूर, आणि त्यातलं थोडं पेशींच्या बशीत. सुट्टीनंतर सर ओरडतच बाहेर आले, "कण लाल झाले! वैशाली, पेपर लिहायला घे!"

"सर, ते कुंकू आहे."

"तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते!" सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

*

संस्थेचे एक ट्रस्टी, मंचरचे मारवाडी शेठ, लॅब बघायला आले. सर रंगात येऊन सांगत होते, "उद्या हेच कण पेशीत औषध पोचवतील!"

शेठनी विचारलं, "माल आत गेला ते दिसतंय. पण उतरवून कोणी घेतला का?"

सर म्हणाले, "शेठ, त्याला वेगळी ग्रँट लागते!"

*

मग सरांचा मोठा शोध. काही दिवशी पेशीतले सगळे कण एकदम, एका तालात नाचायचे. "ही पेशीची ऊर्जा!" सरांनी कॉलेजभर पेढे वाटले.

वैशालीच्या लक्षात आलं, हायवेवर कांद्याचे ट्रक जोरात सुरू असले की कण नाचतात. टेबलच हलायचं! तिनं मेलेल्या पेशी लावून बघितल्या, तर त्यातही तोच नाच.

सर भडकले. "मेलेल्या पेशी बघायच्याच कशाला? आपला विषय जिवंत पेशी आहे! प्रबंधातलं ते ट्रकचं प्रकरण काढून टाक, नाहीतर माझी सही विसर."

सही नाही म्हणजे पीएचडी नाही, एवढ्या वर्षांचं सगळं पाण्यात. वैशाली रडली. मी म्हटलं, "अगं, काढून टाक ना. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!" म्हणाली.

*

प्रबंध द्यायच्या आधी समितीपुढं बोलावं लागतं. पुण्याहून एक तज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. वैशालीनं ट्रकचं प्रकरण काढलं नव्हतं, आणि सरांना त्याचा पत्ता नव्हता. उभी राहिल्या राहिल्या तिनं थेट पडद्यावर दोन व्हिडिओच लावले.

"सर, तुमचा अनुभव दांडगा. यातली जिवंत पेशी कुठली, ते आधी तुम्हीच सांगा."

सर खुलले. उठून पडद्यापाशी गेले. "ही उजवीकडची! बघा मॅडम, कण कसे उसळतायत. जिवंतपणा लपतो काय?"

"जिवंत पेशी डावीकडं आहे सर," वैशाली म्हणाली. "उजवीकडं पेशीच नाही. नुसत्या काचेला कण चिकटवलेत. ट्रक गेला तेव्हाचा व्हिडिओ आहे."

मॅडमनी मंजुरीच्या कागदावर सही केली आणि तो सरांपुढं सरकवला. "माझी हरकत नाही. गाईडची?"

वैशालीचा चेहरा पांढराफटक. मी तर मनातल्या मनात ओझरच्या विघ्नहराला हात जोडले.

सरांनी मॅडमच्याच हातातलं पेन घेतलं, झोकात सही ठोकली आणि म्हणाले, "मी हिला पहिल्या दिवसापासून सांगतोय मॅडम, आधी नुसती काच बघ!"