आयरिश बाईंचा प्रॉम्प्टर

गेल्या गुरुवारी इथे कतारमध्ये, लुसैलच्या आमच्या हॉलमध्ये, विंगेत बसून मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होतो. मांडीवर इंग्रजी स्क्रिप्ट, आणि हातपाय गार...

मी त्या हॉलचं लाइटचं मेंटेनन्स बघतो. एका नामवंत आयरिश अभिनेत्रीचे दोन दिवस एकपात्री प्रयोग होते. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. वय पंचाहत्तरच्या पुढे. गावच्या चर्चच्या हॉलमध्ये सुरुवात, मग डब्लिन, लंडनची रंगभूमी, सिनेमे, बक्षिसं...

त्यांची प्रॉम्प्टर तापाने हॉटेलवर पडली. मी इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करतो, हे कुणीतरी मॅनेजरच्या कानावर घातलं. झालं!

बायकोला फोन केला तर म्हणाली, "अहो, तुम्ही इंग्रजी बोट ठेवून वाचता. त्या बाईंनी कुणाचं घोडं मारलंय?"

सकाळच्या तालमीत घोळ झालाच. आमच्या मंडळात निम्म्या लोकांचं पाठांतर नसतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य विंगेतून आधीच द्यायची सवय. मी तेच सुरू केलं. चौथ्या वाक्याला बाई थांबल्या.

"मिस्टर, या नाटकात तुम्हीपण आहात का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या शेजारी येऊन बसल्या. हळू म्हणाल्या, "मी मधेमधे गप्प राहते ते मुद्दाम. तिथे बोलायचं नाही. पण मागच्या वर्षी एकदा खरंच विसरले... तेव्हापासून भीती वाटते."

"मग मला कसं कळणार, मॅडम?"

"बघत राहा."

प्रयोगात एक आई मुलाचं पत्र वाचते, घडी घालते आणि गप्प होते. तालमीत मी दहा आकडे मोजले होते. आता दहा झाले, पंधरा झाले, वीस... बोललो आणि ते मुद्दाम असेल, तर रंगलेला प्रयोग मोडणार. नाही बोललो, तर पन्नास वर्षांचं नाव सगळ्यांदेखत जाणार.

मग त्यांचे हात दिसले. तालमीत ते इथे अगदी स्थिर होते. आता बोटं तीच घडी उघडत होती, परत घालत होती.

पहिल्यांदा माझा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा दोन शब्द कसेबसे बाहेर पडले... आणि बाईंनी ते अलगद उचलले.

नंतर लोक भेटायला आले ते त्या शांततेचंच कौतुक करत. बाईंनी माझा हात धरला होता. त्यांचा हात माझ्याइतकाच गार.

"उद्या याल ना?"

"इन्शाल्ला," तोंडातून निघून गेलं.

मला वाटायचं, नाव झालं की भीती जाते. नाही जात...

दुसऱ्या दिवशी त्या कुठेच अडल्या नाहीत. दीड तास मी तोंड मिटून बसलो होतो. काहीच करावं लागलं नाही म्हणून देवाला इतक्या मनापासून हात मी क्वचितच जोडले असतील.