रोजचं पंक्चर

त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. माझं मात्र तो रोज लिहायचा.

भिलाईच्या आमच्या शाळेत तो बारावीतला कॅप्टन होता आणि मी सातवीतली रोज उशिरा येणारी. उशीर झालेल्यांना गेटजवळ गुडघ्यांवर बसवायचं आणि रजिस्टरात नाव नि कारण लिहायचं, हे त्याचं काम. पहाटे तो तलावावर कनू चालवून यायचा. त्या होडीत एका गुडघ्यावर बसून वल्हं मारतात. गेटवरसुद्धा हातातली पट्टी हवेत वल्ह्यासारखी फिरवत राहायचा.

"सायकल पंक्चर," मी रोज सांगायची.

"हरदिन पंक्चरच? एखादं नवीन कारण आन ना वो!"

कनूची रेस जवळ आली, तेव्हा एकदा तोच घंटेनंतर धावत आला. केस ओले. आमची नावं लिहून स्वतःही आमच्या रांगेत बसला, पण एकाच गुडघ्यावर.

पीटीचे सर गरजले, "लिखने वाला ही लेट? रजिस्टर दूसरे को दो! फिर तालाब की वजह से लेट हुआ, तो तालाब बंद!"

त्यानं रजिस्टर माझ्या हातात ठेवलं. "सर, गेट पे इससे ज़्यादा कोई नहीं रहता."

दुसऱ्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा वेळेवर पोचले. तो उशिराच आला, बाह्यांतून पाणी गळत. नाव विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून मी 'कॅप्टन' लिहिलं. कारणाच्या रकान्याशी जरा थांबले आणि ठोकून दिलं, 'सायकल पंक्चर'.

तो तर पायीच यायचा.