मुंगसाचा ब्रश आणि देवणी रस्त्यावरची भिंत

निवृत्त मास्तरला फोनवर कुणी "सर, तुमच्याशिवाय जमणार नाही" म्हणालं की संपलं. सुनंदा माझी जुनी विद्यार्थिनी, आता उदगीरकडे वनरक्षक आहे. देवणी रस्त्यावरच्या एका गावात, शाळेच्या भिंतीवर, रानातल्या प्राण्यांची चोरटी विक्री थांबवा अशी कविता लिहायची होती. कविता माझी, अक्षरही माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे साहेब बघायला येणार होते.

"एवढ्या उन्हात भिंती रंगवायला कोण जातं?" बायकोनं विचारलं.

कवी जातो, असं मी मनातल्या मनात म्हणालो.

नांदेडहून कंधार, जांबमार्गे उदगीरला एसटीनं चार तास धरून चला. सातच्या आतली गाडी गाठा. नंतर खिडकीचा पत्रा तव्यासारखा तापतो. ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे. "सहावीनंतर आज पहिल्यांदा अर्धं तिकीट काढतोय," मी कंडक्टरला म्हणालो. "मग आजोबा, बसणार कुणाच्या मांडीवर?" त्यानं विचारलं आणि घंटी ओढली.

कंधार सोडलं की दुष्काळ दिसायला लागतो. ओढे पांढरे पडलेले. फाट्याफाट्यावर रिकाम्या घागरी ओळीनं उन्हात उभ्या, त्यांच्या मालकिणी लांब लिंबाखाली. मी डोळे मिटून बोटांवर मात्रा मोजत होतो. शेजारच्या बाईला वाटलं, जप चाललाय. तिनं पाया पडून घेतलं.

उदगीरच्या स्टँडबाहेर चुरमुऱ्यांचा सुशीला खा, वर तळलेली मिरची मागून घ्या. पाणी मात्र सोबत ठेवा. त्या दिवसांत हॉटेलवाला ग्लास अर्धाच भरत होता. पुढं काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि आपण भरलो असं तिला कधी वाटतच नाही.

"जय भीम, सर!" सुनंदा खाकी वर्दीत फाट्यावर उभी होती. पूर्वी माझ्यासमोर तिचा आवाज फुटत नसे. आता तिच्यासमोर सरपंच हळू बोलत होते.

"मॅडम, मांडूळ साप करोडाला जातंय म्हणं?" व्यंकटराव सरपंचांनी विचारलं.

"जातं की. संगं विकणारा बी जातो. जेलात."

सरपंचांनी विषय बदलला. "सर, खाली गावाचं नाव घाला, पण जिल्हा कोरा ठेवा. उद्या उदगीर नवा जिल्हा झाला तर? आमी वाटच बघायलोय."

शाळेचे शिपाई किशनमामा यांनी रंग कालवायला तांब्याभर पाणी दिलं, ते मोजून. मी माझा आवडता ब्रश काढला आणि पहिली ओळ लिहिली: 'खवल्या, कासव, मुंगूस, मोर'. ती बारीक-जाड वळणं अशी उतरली की किशनमामा म्हणाले, "छापल्यावानी दिसायलंय!"

सुनंदा मात्र ब्रशकडंच बघत होती.

"सर, हा मुंगसाच्या केसांचा आहे."

"अगं, पंचवीस वर्षं वापरतोय मी हा!"

तेवढ्यात टँकर आला. घागरींची झुंबड उडाली, पाणी सांडलं, आणि बायका निघून गेल्यावर कुंपणातून एक मुंगूस आलं. आमच्यापासून दहा पावलांवर ते चिखलातलं पाणी चाटू लागलं. अंगावरच्या केसांवर पट्टे: गडद, पांढुरका, पुन्हा गडद. मी हातातला ब्रश बघितला. गडद, पांढुरका, गडद. ब्रशाचे केस खरे असतात हे दुकानदारानं सांगितलं होतं. कुणाचे, हे मी विचारलं नव्हतं.

"ओळ तरी पुरी करू दे," मी गयावया केली. "हा गेला तर माझं अक्षर गेलं. मग जप्त कर."

"सर, प्राणी वाचवा असं त्याच्याच केसांनी लिहायचं?"

मी ब्रश तिच्या हातात दिला. तिनं साहेबांना फोन केला. स्वतःहून जमा करतोय असा अर्ज लिहून द्या म्हणाले. किशनमामा साक्षीदार झाले. आयुष्यभर इतरांचे अर्ज तपासले. स्वतःच्या अर्जात मी दोनदा खाडाखोड केली.

पण अर्धी कविता भिंतीवर तशीच होती. किशनमामांनी अंबाडीची काडी ठेचली, सुतळीनं बांधून कुंचा केला. त्यानं अक्षरं भाकरीएवढी येऊ लागली. दुसरी ओळ होती: 'विकेल त्यांना, तोच चोर.' 'तोच'पर्यंत शाळेची भिंत संपली. 'चोर' लागून असलेल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गेला, बरोबर 'सरपंच कार्यालय' या पाटीखाली.

"सर, हे बरं न्हाई," व्यंकटराव म्हणाले.

सारवासारव म्हणून मी पुढं लिहिलं, 'आढळल्यास कळवा'. प्रकरण आणखी चिघळलं.

पुसायला चुना होता. कालवायला पाणी नव्हतं. सकाळी साहेब आले, वाचलं, आणि रुमाल तोंडावर धरून जीपमागं गेले. व्यंकटरावांनी 'चोर'समोर पाठ टेकवून शब्द झाकला आणि सगळा कार्यक्रम उभ्यानंच केला.

परतीला सुनंदा फाट्यापर्यंत आली.

"तू ओळखलास कसा?" मी विचारलं.

"माझ्याकडं असाच होता ना, सर. नोकरीला लागल्यावर जमा केला." मग खाली बघत म्हणाली, "सातवीत तुमीच घ्यायला लावला होता."

एसटीत मी मात्रा मोजल्या नाहीत. शनिवारचे सुलेखनाचे वर्ग मोजत बसलो. दर वर्षी नवी तुकडी, आणि दर वर्षी फळ्यासमोर उभा राहून मी हेच सांगितलेलं: पट्ट्याच्या केसांचाच ब्रश आणा, दुसरा चालणार नाही.

म्हणून उदगीरला कधी जायचं, काय खायचं हे सांगून झाल्यावर एक काम सांगतो. बाळांनो, तुम्ही आता चाळिशीला आला असाल. जुनी पेटी उघडा. तसा ब्रश निघाला, तर जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात नेऊन द्या. तिथं कुणी विचारलंच, हा घ्यायला कुणी सांगितलं होतं, तर आढेवेढे घेऊ नका. माझं नाव सांगा.